'द क्योल्न कॉन्सर्ट' खरंच थोर आहे, की नुसता लोकप्रिय?

अमेरिकन जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटच्या या अल्बमचं नाव काढलं की तुमचे जॅझवाले मित्र नाक का मुरडतात, असं तुम्ही विचारलंय. मी हौशी पेटीवाला, जॅझचा जाणकार नाही. पण हा अल्बम बरीच वर्षं ऐकतोय.

आधी हकिगत. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या क्योल्न (कोलोन) शहराचं ऑपेरा हाऊस. जॅरेटने मागितला होता ब्योसनडॉर्फर कंपनीचा मोठा पियानो, मंचावर निघाला सरावाचा छोटा, बेसूर पियानो. वरचे सूर पातळ, खर्ज पोकळ, पेडल धड चालत नाहीत. जॅरेट परत निघालाच होता. किशोरवयीन आयोजक व्हेरा ब्रांडेसने कसंबसं थांबवलं. रात्री साडेअकराच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. मग तासाभराहून जास्त वेळ, जवळपास सगळं जागच्या जागी सुचलेलं. त्याचंच ध्वनिमुद्रण म्हणजे हा अल्बम.

माझ्या पेटीचा तार सप्तकातला एक सूर भसका आहे. वाजवताना बोट आपोआप त्याला चुकवतं. इथे तर निम्मा पियानोच भसका! म्हणून जॅरेट बराचसा मधल्या सप्तकांत राहिला आणि डाव्या हाताने तेच तेच ठेके धरून बसला. पहिल्या भागात दोनच कॉर्ड्सवर तो कितीतरी वेळ घुटमळतो.

समीक्षकांचं भांडण नेमकं इथे आहे. कुणाला त्यात गॉस्पेलची, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधल्या भक्तिगीतांची, ऊब आणि धीट साधेपणा दिसला. कुणी म्हणालं, यात जॅझ कुठंय, हे तर गुंगी आणणारं गोड पाणी. पुढे आलेल्या 'न्यू एज' या संथ, ध्यानाला लावतात तसल्या संगीताचं खापरही याच्यावर फुटलं. शिवाय वाजवता वाजवता जॅरेटचं कण्हणं-गुणगुणणं. (पहिल्यांदा मला वाटलं, शेजारी कुणीतरी आजारी आहे.) लाखोंनी खप झाल्यावर तर 'लोकांना आवडतं म्हणजे उथळच' हा आपल्याकडचा नाट्यसंगीतावरचा जुना शेराही तिकडे ऐकू येऊ लागला.

मला विचाराल तर आक्षेप निम्मा खरा आहे. दुसऱ्या भागात मधेच तो नुसता वाट बघत वाजवतोय असं वाटतं. पण ती वाट बघणंच मला आवडतं. आलापीत गवय्या एका सुरावर रेंगाळतो, तेव्हा आपण कुठे घड्याळ बघतो?

गंमत म्हणजे खुद्द जॅरेटही या अल्बमच्या कौतुकाला कंटाळला होता. लोक स्वरलिपी मागत राहिले, ती त्याने १९९१ मध्ये कुठे छापू दिली, तीही 'शेवटचा शब्द ध्वनिमुद्रणाचाच' असं बजावून.

मित्रांचं सोडा. हेडफोन लावून पहिले काही सेकंद ऐका. सुरुवातीचे सूर म्हणजे प्रेक्षकांना आत बोलावणाऱ्या ऑपेरा हाऊसच्या घंटेची धून, आणि ती ओळखून हसलेले प्रेक्षक रेकॉर्डवर ऐकू येतात.