मधोमध क्षेत्र शून्य का नाही?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत हिंदी माध्यमात शिकते. एका धन आणि एका ऋण अशा समान ‘आवेशां’च्या मधोमध विद्युत क्षेत्र शून्य का होत नाही, असे ती विचारते. — एक वाचक, इंदूर

उत्तर : तिच्या पुस्तकातला आवेश म्हणजे मराठीतला प्रभार (इलेक्ट्रिक चार्ज), आपल्याकडे आवेश वक्त्यांना चढतो. क्षेत्राची दिशा म्हणजे त्या बिंदूवर कल्पनेने ठेवलेल्या लहानशा धनप्रभारावरील बलाची दिशा. मधोमध ठेवलेल्या या प्रभाराला धनप्रभार दूर लोटतो आणि ऋणप्रभार स्वतःकडे ओढतो, म्हणजे दोघेही त्याला एकाच बाजूस नेतात. म्हणून क्षेत्रांची वजाबाकी न होता बेरीज होते. प्रभार २ नॅनोकूलोमचे आणि त्यांच्यातील अंतर २० सेंटिमीटर असल्यास प्रत्येकाचे सुमारे १,८०० असे एकूण ३,६०० न्यूटन प्रति कूलोम क्षेत्र तेथे मिळते. शून्य होते ते विभव (एकक प्रभारामागची स्थितिज ऊर्जा), कारण त्याला दिशा नसून केवळ चिन्ह असते आणि दोन्ही प्रभारांची समान, पण विरुद्ध चिन्हांची विभवे एकमेकांना रद्द करतात.