विमानाचा नंबर विकत घेऊ का?

*ताई, मी २३ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. सहा वर्षं आर्मी आहे, म्हणजे बीटीएस या कोरियन बँडची फॅन, आणि त्यातला जंगकूक माझा बायस, म्हणजे सगळ्यात लाडका. ऑगस्टअखेर मैत्रिणीबरोबर सोलला चाललेय, त्याचा १ सप्टेंबरचा वाढदिवस तिथेच गाठायचाय. एका टेलिग्राम ग्रुपवर त्याच्या विमानाचा नंबर दीड हजारात आणि घराचा पत्ता तीन हजारांत मिळतोय. मला त्रास द्यायचा नाहीये. लांबून एकदा बघायचं आणि आईच्या हातच्या चकल्यांचा डबा दाराशी ठेवून यायचं, एवढंच. मैत्रीण म्हणते, हा सासेंगपणा आहे. खरंच का? – जांभळी*

जांभळी,

मैत्रिणीचं बरोबर आहे. सासेंग म्हणजे कलाकाराच्या खासगी आयुष्यात घुसणारा फॅन; हा शब्दच मुळी ‘खासगी आयुष्य’ या अर्थाच्या कोरियन शब्दावरून आलाय. कुणी प्रेमाने गेलं की रागाने, हे त्यात मोजत नाहीत. खासगी जागेत शिरलं की झालं.

डब्याचंच घे. मे २०२३ मध्ये जंगकूकने स्वतः वीव्हर्सवर (कलाकार आणि फॅन्सच्या ॲपवर) लिहिलं होतं की घरी खायला पाठवू नका, मी ते खाणार नाही, आणि पुन्हा आलं तर पावतीवरचा ऑर्डर नंबर काढून कारवाई करेन. पाठवणाऱ्यांनी काही वाईट पाठवलं नव्हतं, जेवणच पाठवलं होतं. पुढे ११ जून २०२५ला तो लष्करी सेवा संपवून परतला, त्याच रात्री एक परदेशी बाई त्याच्या दाराचा पासकोड दाबून बघताना पकडली गेली. आता तू दाराच्या आतल्या बाजूने विचार कर. बाहेर पावलं वाजतायत. त्यात चकलीवाली कोण आणि कुलूपवाली कोण, हे त्याने कसं ओळखायचं?

कायद्यालाही हा फरक फारसा दिसत नाही. दक्षिण कोरियात २१ ऑक्टोबर २०२१पासून स्टॉकिंगविरोधी कायदा लागू आहे. मनाविरुद्ध मागे जाणं, घराजवळ थांबून राहणं, वस्तू पाठवणं किंवा दाराशी ठेवणं, हे सगळं त्यात येतं. ते वारंवार झालं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ कोटी वॉनपर्यंत दंड. २०२३च्या दुरुस्तीनंतर, ज्याला त्रास झाला त्याने ‘जाऊ द्या’ म्हटलं तरी खटला चालू शकतो. पर्यटक म्हणून सूट नाही. एकदाच डबा ठेवल्याने तुला कुणी तुरुंगात टाकणार नाही, पण पोलीस चौकीत दुभाष्याची वाट बघत बसण्यात सहलीचा एक दिवस सहज जाईल.

आता विमानाचा नंबर. असे नंबर बहुधा आरक्षणाच्या संगणकापर्यंत हात पोचणाऱ्या कुणाकडून तरी फुटतात, म्हणजे तुझे दीड हजार चोरीच्या मालाला जातात. (नंबर खोटा निघाला तर तक्रार कुणाकडे करणार, हा आणखी वेगळा प्रश्न.) घेणारे काय करतात? काही जण त्याच विमानाचं तिकीट काढून शेजारची सीट गाठतात. बीटीएसच्या व्हीने २०१९ मध्ये लाइव्हवर सांगितलं होतं की याच भीतीपायी त्यांना चार्टर विमान घ्यावं लागतं. काही जण नुसतं बघायला आत शिरतात आणि तिकीट रद्द करतात. डिसेंबर २०१८ मध्ये हाँगकाँगला काही फॅन वॉना वन या कोरियन गायक-गटाच्या विमानात चढले आणि उड्डाणाआधी उतरायचं म्हणाले. चढलेला प्रवासी असा उतरला की मागे काही ठेवून गेलाय का हे बघावंच लागतं. त्यामुळे ३६०च्या आसपास प्रवाशांना खाली उतरवून पुन्हा तपासलं आणि विमान तासभर रखडलं. तुझ्यासारखंच ‘लांबून एकदा’ त्या फॅन्सचंही असणार.

तेव्हा ग्रुप सोड. सोडण्याआधी स्क्रीनशॉट काढ आणि हाइबच्या, म्हणजे बीटीएसच्या कंपनीच्या, कलाकार-हक्क तक्रार पानावर टाक. ‘बघा, हे लोक काय करतात’ असं लिहून ते कुठे शेअर मात्र करू नकोस, त्याने पत्ता आणखी पसरतो.

मग जायचं कुठे? जिथे बोलावणं आहे तिथे. कंपनीने वेळापत्रकात जाहीर केलेला कार्यक्रम हे बोलावणं. बाकी जिम, हॉटेल, नातेवाइकाचं लग्न, यातलं काहीच नाही. सोलमध्ये दर आठवड्याला टीव्हीचे संगीत कार्यक्रम होतात: गुरुवारी एम काउंटडाउन, शुक्रवारी म्युझिक बँक, शनिवारी म्युझिक कोअर, रविवारी इन्किगायो. त्या आठवड्यात तुझ्या आवडीचं कुणी असेल तर वीव्हर्सवर फॅनक्लब सभासदांसाठी प्रेक्षक म्हणून नोंदणी निघते. तिथे हमखास अडतं ते नावापाशी. सभासदत्वावर ‘जांभळी’ आणि पासपोर्टवर आई-वडिलांनी ठेवलेलं नाव असेल तर दारातूनच परत. सभासदत्व आजच पासपोर्टवरच्या स्पेलिंगने कर, आणि तिथे मूळ पासपोर्ट ने, झेरॉक्स चालत नाही. चित्रीकरण बऱ्याचदा पहाटे असतं आणि आत फोन काढायचा नाही.

बोलावणं असलं तरी ते किती, हेही बघावं लागतं. १३ जून २०२४ला बीटीएसच्या जिनने एका कार्यक्रमात हजार फॅन्सना मिठी मारली. एका बाईने त्याच्या गालाचं चुंबन घेतलं आणि प्रकरण लैंगिक छळाच्या पोलीस तपासापर्यंत गेलं. बोलावणं मिठीचं होतं, तेवढंच.

कधी योगायोगाने तो हॉटेलात समोर आलाच तर मान किंचित लववून हस आणि आपल्या ताटाकडे बघ. फोटो नको. ‘मी आत्ता इथे आहे’ अशी स्टोरी तर अजिबात नको, वीस मिनिटांत तिथे गर्दी होते.

त्याला काही द्यायचंच असेल तर पत्र दे. बीटीएससाठी भेटवस्तू घेत नाहीत, पत्रं घेतात. ती पाठवायचा पत्ता कंपनीच्या सूचनेत असतो, तो तेवढा पाठवायच्या दिवशी पुन्हा तपास. एक पान, हाताने लिहिलेलं. नाव लाल शाईने लिहू नकोस, कोरियात लाल शाईतलं नाव मृत्यूशी जोडतात. मशीनवर भाषांतर केलंस तर क्रियापदांची टोकं कुणा जाणकाराला दाखव. ‘अहो’च्या जागी ‘अरे’ कधी होतं ते कळतही नाही. फोन नंबर, घरचा पत्ता, नोटा, खाऊ, यातलं काही आत नको.

आणि वाढदिवस? होंगदे भागात त्या आठवड्यात फॅन मंडळी कॅफे भाड्याने घेऊन सजवतात. एक पेय घेतलं की त्याच्या चित्राचं कप-वेष्टन मिळतं, कधी फोटोकार्डही. माणशी एक पेय घ्यायचं, एक संच घ्यायचा आणि मागच्यांसाठी टेबल मोकळं करायचं. हे सगळं फॅन्स पदरच्या पैशाने करतात. आर्मीत एकमेकांना छोट्या वस्तू फुकट वाटायचीही पद्धत आहे, तिला नानुम म्हणतात.

चकल्या तिथे ने. दोन-दोनच्या पुड्या बांध, वर कोरियनमध्ये घटक लिही, तीळ ठळक, कारण कुणाला ॲलर्जी असू शकते. डबा चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेव, नाहीतर सोलला चुराच वाटावा लागेल.

– ताई