गुडघ्याची दुखापत आणि व्यावसायिक संघातील निवड

प्रश्न : माझा भाचा महाविद्यालयाच्या कबड्डी संघात उजवा कोपरा सांभाळतो. नोव्हेंबरमध्ये पकड करताना त्याच्या गुडघ्याचा एसीएल अस्थिबंध तुटला व लगेच शस्त्रक्रिया झाली. अमेरिकन फुटबॉल (हातात चेंडू घेऊन धावण्याचा, धडकाधडकीचा खेळ) महाविद्यालयाकडून खेळणारे तिकडचे लाइनमन अशाच दुखापतीनंतर व्यावसायिक संघांत निवडले जातात, असे वाचल्यापासून तो आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) स्पर्धेत उतरायचे म्हणतो. त्या खेळाडूंना हे कसे साधते? – एक वाचक, चोपडा

उत्तर : भाच्याने वाचले ते खरे आहे, पण त्याने काढलेला निष्कर्ष नेमका उलटा आहे. लाइनमन म्हणजे चेंडू घेणाऱ्या खेळाडूच्या पुढ्यात उभी राहणारी पाच जणांची फळी आणि तिला भिडणारी समोरची बचावफळी. यांतील बहुतेकांचे वजन 130 किलोच्या पुढे असते आणि प्रत्येक डावात ते एकमेकांवर आदळतात, त्यामुळे गुडघे व घोटे दुखावणे हे त्यांच्या नशिबी ठरलेलेच. लँडन डिकरसन या सेंटरचा (पाच जणांच्या फळीतील मधल्या खेळाडूचा) एसीएल 2016 मध्ये एकदा आणि अलाबामा विद्यापीठाकडून खेळताना डिसेंबर 2020 मध्ये पुन्हा तुटला, तरी एप्रिल 2021 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंना फेरीफेरीने, क्रमवार निवडतात त्या प्रक्रियेत, फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला 37 व्या क्रमांकावर घेतले. जेफ्री सिमन्स या बचावफळीतील खेळाडूचा एसीएल फेब्रुवारी 2019 मध्ये सरावात तुटला आणि दोनच महिन्यांनी टेनेसी टायटन्सने त्याला 19 व्या क्रमांकावर निवडले.

आता या तारखा भाच्यासमोर ठेवा. निवड झाली त्या दिवशी दोघांपैकी एकही सामना खेळण्याच्या स्थितीत नव्हता. डिकरसन सप्टेंबरमध्ये मैदानात उतरला, सिमन्स ऑक्टोबरमध्ये. संघांनी त्यांचा आधीच्या हंगामांतील खेळ चित्रफितींवर पाहिला होता, गुडघ्याचा वैद्यकीय अहवाल तपासला होता आणि थांबण्याची तयारी ठेवून त्यांना घेतले होते. घाईने परतून कोणालाही काही सिद्ध करून दाखवावे लागले नाही. शिवाय तिकडे दुखापतीत हंगाम बुडालेल्या विद्यार्थ्याला खेळण्यासाठी वाढीव वर्ष मिळू शकते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धांना 25 वर्षांची वयोमर्यादा आहे आणि बहुतेक महाविद्यालयांत पूर्णवेळ फिजिओथेरपिस्टही नसतो. त्यामुळे आपल्या मुलांची घाई मला समजते, मात्र ती मान्य करता येत नाही.

कारण गुडघ्याच्या आतले आहे. शस्त्रक्रियेत बसवलेला अस्थिबंध बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूच्या किंवा गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेपासून घेतलेला असतो. नव्या जागी रुजताना तो सुरुवातीचे काही महिने उलट कमकुवत होतो आणि मग हळूहळू बळावतो. दुखणे मात्र त्याआधीच थांबते, आणि फसगत होते ती इथेच. कोपऱ्यावरच्या खेळाडूने चढाई करणाऱ्याचा घोटा धरला, की त्याच्या निसटण्याच्या धडपडीचा सगळा पीळ पकड करणाऱ्याच्या रोवलेल्या गुडघ्यावर येतो. त्यात आखाजीच्या स्पर्धेचे मातीचे मैदान सगळीकडे सारखे असेलच असे नाही. साधारण नऊ महिने होण्यापूर्वी परतणाऱ्यांत पुन्हा तुटण्याचा धोका बराच अधिक दिसतो. म्हणून आखाजी सोडा, ऑगस्टपर्यंत थांबा, आणि तेव्हाही केवळ तारखेवर न जाता मांडीच्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या किमान 90 टक्के आहे का, एका पायावरच्या उड्या दोन्ही बाजूंनी सारख्या पडतात का, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्या. महाविद्यालयांच्या स्पर्धा बहुधा पावसाळ्यानंतरच रंगात येतात, तेव्हा फार काही हातचे जात नाही. दरम्यान त्याच्या जुन्या सामन्यांच्या मोबाइलवरील चित्रफिती गोळा करून ठेवाव्यात. कोपऱ्याची पकड नुसत्या गुणपत्रकावरून कळत नाही.

प्रश्न : निवड चाचणीत जुन्या शस्त्रक्रियेबद्दल सांगितले तर नाव कापले जाईल. गप्प राहावे का? – एक खेळाडू, धुळे

उत्तर : नाही. गुडघ्यावरचे व्रण कोणाही जाणत्या प्रशिक्षकाला दिसतात. अमेरिकेतही दुखापत लपवता येत नाही: इंडियानापोलिस येथे ड्राफ्टपूर्वी (व्यावसायिक संघांच्या वार्षिक निवडीपूर्वी) होणाऱ्या चाचणीत अमेरिकन फुटबॉलच्या 32 व्यावसायिक संघांचे डॉक्टर खेळाडूंची तपासणी करतात आणि जुन्या दुखापती पुन्हा तपासण्यासाठी काहींना एप्रिलमध्ये परत बोलावतात. वैद्यकीय कारणाने क्रमांक घसरतो, हेही खरे: फुप्फुसांत रक्ताच्या गाठी झालेला ट्रे स्मिथ हा गार्ड (फळीत सेंटरच्या शेजारी उभा राहणारा खेळाडू) 2021 मध्ये थेट सहाव्या फेरीत, 226 व्या क्रमांकावर गेला. मात्र पहिल्याच हंगामात कॅन्सस सिटी चीफ्सने त्याला सुरुवातीच्या फळीत खेळवले. एमआरआय, शस्त्रक्रियेची नोंद आणि ताकदीच्या चाचणीचे ताजे आकडे एका फाइलमध्ये लावून चाचणीला सोबत न्या, आणि कोणी विचारण्यापूर्वीच ती पुढे ठेवा.