वादळानंतर घरी परतताना: टॅम्पाला निघालेल्या कोल्हापूरच्या ताईंना

ताई, मिस्टरांना अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टॅम्पात नोकरी लागलीय, मुलगी पहिलीत आहे, आणि वादळात घर सोडायला लावतात हे कळलं तरी परतल्यावर संसार पुन्हा कसा उभा राहतो ते कुणी सांगत नाही, असं तुम्ही विचारलंत. मी मूळची शाहूपुरीची, आता टॅम्पात असते. तुमच्या नागाळा पार्कातल्या घरात २०१९ आणि २०२१ ला पाणी होतं म्हणता, तेव्हा पूर म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इथे वेगळं काय, ते सांगते.

पंचगंगा आपल्याला वेळ देते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले की पाणी कुठवर येणार याचा अंदाज पेठेतली जुनी माणसंही बांधतात. समुद्राचं पाणी असं पायरीपायरीने चढत नाही. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलेन वादळ टॅम्पाच्या कितीतरी उत्तरेला किनाऱ्यावर आलं, तरी इथल्या खाडीकाठच्या घरांत खारं पाणी शिरलं. लोक परतून गाद्या, सोफे रस्त्याकडेला टाकत होते, ते ढीग उचलले जायच्या आत ९ ऑक्टोबरला मिल्टन आलं आणि पुन्हा घरं सोडायची वेळ आली. मिल्टन टॅम्पाच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटाजवळ धडकलं, त्यामुळे टॅम्पाच्या खाडीतलं पाणी उलट ओसरलं. पण शेजारच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात १८ इंचांवर पाऊस झाला, आणि वादळ निघून गेल्यावर काही दिवसांनी हिल्सबरो आणि अलाफिया नद्या फुगल्या. म्हणून आकाश निवळलं की लगेच गाडी काढू नका. काउंटीने (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने) तुमचा भाग खुला केला का, नदीची पातळी चढतेय का, वाटेत पेट्रोल मिळतंय का, हे बघूनच निघा. मिल्टननंतर पंपांवर लांबच लांब रांगा होत्या. सिग्नल बंद असले की प्रत्येक चौकात चारी बाजूंच्या गाड्यांनी थांबायचं असतं. किनाऱ्यालगतच्या बेटांवर पोलीस पत्त्याचा पुरावा बघून मगच सोडतात. भाडेकरार फक्त मिस्टरांच्या नावावर करू नका, तुमचंही नाव घाला. ते ऑफिसच्या कामात अडकले आणि परतायची वेळ तुमच्यावर आली, तर तोच कागद उपयोगी पडेल.

घरात पाऊल टाकताना विजेचं आधी बघा. पाणी सॉकेटपर्यंत आलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय मेन स्विचला हात लावायचा नाही. खाऱ्या पाण्यात बुडालेली गाडी सुरू करायची नाही. विजेवरची असेल तर ती घरापासून लांब हवी, तिची बॅटरी नंतरही पेट घेऊ शकते. शेजाऱ्याने जनरेटर दिला तर तो घरापासून किमान २० फूट दूर, उघड्यावर. गॅरेजमध्ये अजिबात नाही, त्याच्या धुराने दरवेळी माणसं जातात. फ्रिज बंद ठेवला तरी वीज गेल्यावर चारच तास भरवशाचा, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास. त्यापुढचं सगळं टाकून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. पाणी उकळून प्यायची सूचना असेल तर खळखळून एक मिनिट उकळा.

आता भिंतींबद्दल, कारण आपल्या माणसांना हेच सगळ्यात अनोळखी असतं. कोल्हापुरात पूर ओसरला की आपण गाळ उपसतो, पाइप लावून घर धुतो, दारं-खिडक्या सताड उघडतो. विटेची भिंत ओल धरते, पण उभी राहते. दिवाळीपर्यंत रंगही देता येतो. इथल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीवर ठोकलेले जिप्समचे बोर्ड. बोर्ड खालून पाणी वर शोषतो आणि २४ ते ४८ तासांत आत बुरशी धरू लागते. वरून पुसून काही होत नाही. पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत बोर्ड कापायचा, आत भरलेला, कापसासारखा दिसणारा भिजलेला इन्सुलेशनचा थर काढायचा, पंखे आणि ओल खेचणारी यंत्रं लावून लाकूड पूर्ण वाळू द्यायचं, आणि मगच नवा बोर्ड. हे काम महिनोन्महिने चालतं, कारण एकाच वेळी सगळ्या शहराला तेच कारागीर हवे असतात. दारावर येऊन आगाऊ पैसे मागणाऱ्याला देऊ नका, लायसन्स ऑनलाइन तपासा. भाड्याच्या घरात भिंती मालकाच्या, पण तोवर राहायचं कुठे हा प्रश्न तुमचा.

आपल्याकडे तलाठी पंचनाम्याला येतात, सानुग्रह अनुदान येतं, कमी असलं तरी येतं. इथे पंचनामा तुम्हीच करायचा: काहीही फेकण्याआधी प्रत्येक वस्तूचे, पाण्याच्या रेषेचे, फ्रिजवरच्या मॉडेल नंबरचे फोटो. आणि हे नीट ध्यानात ठेवा, घराच्या किंवा भाडेकरूच्या साध्या विम्यात पूर धरत नाहीत. सरकारी पूरविमा वेगळा. भाडेकरूलाही सामानापुरता, एक लाख डॉलरपर्यंत घेता येतो, पण तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो. वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, म्हणून एप्रिलमध्येच घ्या. हॉटेलचा खर्च मात्र हा विमा देत नाही. फेमा म्हणजे इथली केंद्र सरकारची आपत्ती संस्था. तिची रोख मदत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा एच-४ (त्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) वाल्यांना मिळत नाही. घरात अमेरिकेत जन्मलेलं मूल असेल तर त्याच्या नावाने अर्ज करता येतो, तुमच्या मुलीचं तसं नाही. पाणी, जेवण, निवारा मात्र व्हिसा न विचारता मिळतो.

शाळांचं म्हणाल तर बऱ्याच शाळा निवारा केंद्रं होतात, त्या रिकाम्या होऊन साफ झाल्यावरच वर्ग भरतात. लेकीला सगळ्यात आधी तिच्या मैत्रिणींत न्या. मुलांना वाऱ्याचा आवाज बरेच दिवस छळू शकतो.

आणि माणसं. २०१९ ला तालमीची पोरं ट्रॅक्टर घेऊन गल्लीत आली होती, कुणाला बोलवावं लागलं नव्हतं. इथेही लोक येतात, साखळी करवत घेऊन पडलेली झाडं कापून देतात, पण त्यांना तुम्ही त्या घरात आहात हे माहीत हवं. पहिल्या महिन्यातच दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांकडे जा, फोन नंबर घ्या. मराठी मंडळी मनाने जवळ असतात, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला. रस्ते बंद असताना शेजारीच पोचतो.

घर घेताना स्थलांतराचा झोन (ए ते ई, ए सगळ्यात आधी रिकामा करतात) आणि पूररेषेचा नकाशा वेगवेगळे असतात, दोन्ही बघा. ए आणि बी टाळता आले तर टाळा, ऑफिस थोडं लांब पडलं तरी चालेल. दोन-तीन पत्ते हाताशी आले की मला पाठवा. २०२४ ला तिथे पाणी कुठवर आलं होतं ते मी स्वतः जाऊन, आजूबाजूला विचारून कळवते.