पहाटे तीन वाजता माघार ठरवू नका
तुमची २००, ३०० आणि ४०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) पूर्ण झाली आहेत, त्यामुळे ६०० किलोमीटरसाठीचे ४० तास पुरेसे वाटतील; पण खरी कसोटी पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान लागते, जेव्हा पाय शाबूत असूनही मन परतीची कारणे शोधू लागते. त्या वेळी माघारीचा निर्णय घेऊ नका. आधी थोडे खा, कोरडे मोजे घाला आणि मगच विचार करा. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी मीही एकदा सायकल आडवी टाकून बसलो होतो. टपरीवरच्या गरम चहात ग्लुकोजची चार बिस्किटे बुडवून खाल्ली, तेव्हा कुठे घाट चढलो. महामार्गावर पेंग येऊ लागली, तर मात्र तत्काळ उतरा आणि पेट्रोल पंपाच्या ओट्यावर वीस मिनिटे झोपा. तेवढा वेळ पुढे नक्की भरून निघतो.