आरएक्स ५८०: व्हीएम दुसऱ्यांदा सुरू केली की स्क्रीन काळी का होते

तुमची अडचण मला समजली ती अशी: प्रॉक्समॉक्स होस्टवरून (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या मूळ मशीनवरून) रॅडिऑन आरएक्स ५८० हे ग्राफिक्स कार्ड विंडोज व्हीएमला, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला, पासथ्रू केलंय, म्हणजे थेट तिच्याच ताब्यात दिलंय. होस्ट सुरू झाल्यावर पहिल्यांदा व्हीएम व्यवस्थित चालते. ती बंद करून परत सुरू केली की मॉनिटर काळा, आणि लॉगमध्ये 'अननोन पीसीआय हेडर टाइप १२७'. आयओएमएमयू ग्रुप (कोणती डिव्हाइसं एकत्रच व्हीएमला द्यावी लागतात ते गट) तपासून झाले, व्हीबायोसची (कार्डाच्या फर्मवेअरची) फाइल बदलून झाली, विंडोजही नव्याने टाकून झालं.

विंडोजमध्ये काही बिघडलेलं नव्हतं आणि तुमची मांडणीही बरोबर आहे. ती चुकली असती तर व्हीएम पहिल्यांदाही चालली नसती. फरक एवढाच की पहिल्या वेळी कार्ड नुकतंच वीज मिळून जागं झालेलं असतं, पाटी कोरी असते. दुसऱ्या वेळी पाटी पुसायचं काम लिनक्स कर्नलवर येतं, आणि या कार्डाच्या बाबतीत तिथेच घोडं पेंड खातं.

आधी त्या १२७ बद्दल, कारण तो आकडा बघून लोक भलतीकडेच शोधत बसतात. डिव्हाइस बसवर उत्तर देईनासं झालं की त्याच्या कॉन्फिगरेशन स्पेसमधून (डिव्हाइस स्वतःची ओळख जिथे सांगतं तिथून) वाचलेला प्रत्येक बिट १ येतो. हेडर टाइपच्या बाइटमधला सर्वांत वरचा बिट मल्टिफंक्शनची खूण असतो. तो बाजूला काढला की उरलेल्या सात बिटांची किंमत होते १२७. म्हणजे हा कुठला अनोळखी प्रकार वगैरे नाही, कार्ड हाकेला ओ देत नाही एवढंच तो आकडा सांगतो.

आता रीसेट. आपण एकच शब्द वापरतो, पण कर्नलकडे रीसेटचे अनेक मार्ग असतात आणि तो ते ठरलेल्या क्रमाने बघतो: आधी त्या डिव्हाइससाठी खास लिहिलेली पद्धत, मग मदरबोर्डच्या फर्मवेअरकडून होणारा एसीपीआयचा मार्ग, मग एफएलआर म्हणजे फंक्शन लेव्हल रीसेट, मग पॉवर मॅनेजमेंटमधून डी३ (झोपलेली अवस्था) आणि परत डी० (जागी अवस्था), आणि अगदी शेवटी बस रीसेट. यातला एफएलआर सर्वांत स्वच्छ. तो एकाच फंक्शनपुरता, म्हणजे कार्डातल्या एका स्वतंत्र भागापुरता असतो, शेजाऱ्याला धक्का लागत नाही, आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या नियमाप्रमाणे १०० मिलिसेकंदांत संपायला हवा. बस रीसेट याच्या उलट. वरच्या ब्रिजला सांगून त्याच्या खालचं सगळंच रीसेट करायचं. म्हणून ग्राफिक्स कार्ड आणि त्यावरचं एचडीएमआय ऑडिओ ही दोन्ही फंक्शन्स व्हीएफआयओच्या (डिव्हाइस व्हीएमला देणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) ताब्यात आणि एकाच व्हीएमकडे हवीत. ऑडिओ होस्टकडे राहिला तर व्हीएफआयओ बस रीसेटला हातच लावणार नाही, आणि ते योग्यच आहे.

आरएक्स ५८० म्हणजे एएमडीच्या पोलारिस पिढीची चिप. त्यात एफएलआर नाही. राहिला पॉवर मॅनेजमेंटचा मार्ग. एएमडीची बरीच कार्डं सांगतात की डी३ मधून डी० मध्ये आलो की आम्ही रीसेट होतो. प्रत्यक्षात फ्रेमबफरमधलं (कार्डाच्या मेमरीतलं) चित्र तसंच राहतं, मॉनिटरचा सिंकही सुटत नाही. कर्नलमध्ये या कार्डांसाठी तो मार्ग वगळणारी खास नोंदच आहे. त्यामुळे उरतो बस रीसेट. तो होतो, पण मशीन सुरू होताना स्लॉटच्या स्वतंत्र पिनवरून जो मूळ रीसेट मिळतो त्याच्या तोडीचा तो नसतो; तो लिंकवरूनच पाठवलेला संदेश असतो. कार्डाच्या आतले छोटे नियंत्रक त्यातून पूर्ण सावरत नाहीत, अर्धवट अवस्थेत अडकतात. वेगा आणि आरएक्स ५७०० च्या पिढीतही हेच दुखणं आहे.

त्यावर उपाय म्हणजे 'व्हेंडर-रीसेट' हे कर्नल मॉड्यूल. लुकिंग ग्लास (व्हीएमची स्क्रीन होस्टवर दाखवणारा प्रोग्राम) लिहिणारे जेफ्री मॅकरे यांच्याकडून ते आलं. पोलारिस, वेगा १०, वेगा २० आणि नावी १०, १२, १४ या चिपांना नेमका कुठल्या क्रमाने रीसेट करायचा ते त्यात लिहिलेलं आहे. तुमच्या कार्डासाठी त्यात बाको वापरतात, म्हणजे बस चालू ठेवून चिपची वीज काढून घ्यायची. डीकेएमएस वापरून बसवा, म्हणजे कर्नल अपडेट झाला की ते आपोआप परत बांधलं जाईल. त्याआधी कर्नलचे हेडर बसवलेले आहेत ना ते पाहा.

पण मॉड्यूल बसवूनही 'काही फरक पडला नाही' म्हणणारे खूप भेटतात, आणि बहुतेकांचं कारण एकच असतं. कर्नल ५.१५ पासून प्रत्येक डिव्हाइसच्या सिसएफएस फोल्डरमध्ये (कर्नल त्या डिव्हाइसची माहिती जिथे फाइलरूपात दाखवतो तिथे) 'रीसेट_मेथड' नावाची फाइल असते. कोणते मार्ग वापरायचे ती यादी कर्नल डिव्हाइस सापडताक्षणीच ठरवतो, आणि तेव्हा व्हेंडर-रीसेट लोड झालेलं नसतं. मग मॉड्यूल नंतर आलं तरी यादीत त्याचं नाव नाही, त्याला कोणी विचारतच नाही. म्हणून मॉड्यूल लोड झाल्यावर त्या फाइलमध्ये 'डिव्हाइस_स्पेसिफिक' असं स्वतः लिहावं लागतं, आणि तेही प्रत्येक बूटनंतर, कारण ते टिकत नाही. बूट होताना चालणारी एक छोटी सिस्टमडी सर्व्हिस किंवा व्हीएम सुरू होताना चालणारी हुकस्क्रिप्ट हे काम करते. लिहिताना एरर आला तर समजा मॉड्यूल अजून लोडच नाही. बरोबर झालं असेल तर व्हीएम सुरू करताना कर्नलच्या लॉगमध्ये पोलारिसचं नाव घेऊन बाको रीसेटच्या ओळी दिसतील. त्या दिसल्याशिवाय पुढचं काही बदलू नका, ही माझी कळकळीची विनंती. एका वेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने सुधारलं ते कधीच कळत नाही. लाइट जाऊन आली की कार्ड आपसूक ठीक होतं, आणि त्या दिवशी बदललेल्या सेटिंगला श्रेय मिळतं. हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलंय.

होस्टच्या एएमडीजीपीयू ड्रायव्हरने आधी कार्ड ताब्यात घेतलं आणि नंतर सोडलं, असंही होऊ देऊ नका. बूटच्या सुरुवातीलाच ते व्हीएफआयओकडे गेलं पाहिजे.

विंडोज बंद होताना स्क्रिप्टने डिव्हाइस मॅनेजरमधलं कार्ड डिसेबल करायचं, अशीही युक्ती सांगितली जाते. नीट शटडाउन झालं तर ती चालते. पण ब्लू स्क्रीन आली किंवा तुम्ही 'स्टॉप' दाबलंत तर स्क्रिप्टला संधीच मिळत नाही. त्यावर विसंबू नका. तोवर अडलंच तर होस्ट थोडा वेळ सस्पेंड करून उठवा. स्लॉटची वीज तुटते आणि कार्ड परत कोरं होतं. घरच्या मशीनला हे चालेल, इतर व्हीएम कामात असलेल्या सर्व्हरला नाही.

रीसेट फक्त ग्राफिक्स कार्डालाच छळतो असं समजू नका. एका सीएंच्या ऑफिसात मी विंडोज व्हीएमला अख्खा यूएसबी कंट्रोलर दिला होता, कशासाठी तर डिजिटल सहीच्या टोकनसाठी. व्हीएम सुरू केली की ती तर अडकायचीच, पण सगळा होस्ट गोठायचा, आणि त्याच होस्टवर त्यांचं अकाउंटिंग चालायचं. रिटर्न भरायच्या शेवटच्या आठवड्यात हे झालं. त्या लोकांचे चेहरे मला अजून आठवतात. तो कंट्रोलर 'मला एफएलआर येतो' असं सांगायचा आणि एफएलआर दिला की मरायचा. शेवटी कंट्रोलर काढून घेतला आणि फक्त ते टोकन यूएसबी डिव्हाइस म्हणून व्हीएमला दिलं. मुळात तेवढंच हवं होतं.

कर्नलमध्ये अशा खोटं बोलणाऱ्या डिव्हाइसांची यादीच आहे. इंटेलच्या ८२५७९ नेटवर्क चिपसाठी एफएलआर बंद ठेवलाय. अथेरॉसच्या काही वायफाय चिप बस रीसेटनंतर परतच येत नाहीत, म्हणून त्यांना तो दिला जात नाही. सॅमसंगच्या एसएम९६१ या एनव्हीएमई एसएसडीला एफएलआरच्या आधी कंट्रोलर रीतसर बंद करावा लागतो. लॉगमध्ये 'नॉट रेडी' आणि पुढे वाढत जाणारे मिलिसेकंद दिसले, आणि ६५५३५ वर 'गिव्हिंग अप' आलं, तर तुमचं डिव्हाइसही याच जातीचं समजा. अशा वेळी 'रीसेट_मेथड' मधून तो एक मार्ग काढून दुसरा लावून पाहा.

पुढे कधी पासथ्रूसाठी काही विकत घेतलंत तर आधी कोणाच्या तरी मशीनवर लावून एलएसपीसीआय या कमांडचं सविस्तर आउटपुट बघा. 'एफएलरीसेट' पुढे अधिक चिन्ह (एफएलआर आहे) की उणे (नाही), हे मी किमतीच्याही आधी बघते. नुसत्या त्या चिन्हावर भागत नाही, हे त्या कंट्रोलरने मला शिकवलं. म्हणून व्हीएम दहा वेळा बंद-चालू करते, त्यात दोनदा जबरदस्तीने.

मॉड्यूल बसवून झालं की तीन गोष्टी इथे टाका: कर्नलची आवृत्ती, दोन्ही फंक्शन्सच्या 'रीसेट_मेथड' मध्ये काय येतं ते, आणि व्हीएम दुसऱ्यांदा सुरू केल्यावरच्या कर्नल लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी. बाको रीसेटची ओळ येऊनही स्क्रीन काळीच राहिली तर आपण व्हीबायोसच्या फाइलकडे परत जाऊ.