सेट थिअरीत पीएचडीसाठी व्हिएन्नाला यायचं म्हणतोस, तर...

ताई म्हणून हाक मारलीस, म्हणून सरळ अरेतुरे करते. तुझे तीन प्रश्न आहेत. पुण्यात एमएस्सी संपत आलंय आणि ॲक्सिओमॅटिक सेट थिअरीतच (ठरावीक गृहीतकांवर उभारलेलं संचांचं गणित) पीएचडी करायचीय, तर व्हिएन्ना की अमेरिका? तयारी किती लागते? आणि आई विचारते ते, पुढे पोटापाण्याचं काय? मी साताऱ्याची, इथं येऊन सातवं वर्ष चालू आहे. तयारीपासून सुरू करते, कारण बाकीचं त्यावरच अडतं.

आपल्याकडे एमएस्सीपर्यंत सेट थिअरी म्हणजे गणनीय-अगणनीय संच, कँटरची कर्णाची युक्ती आणि झॉर्नचा लेमा. तोही प्रत्येक व्हेक्टर स्पेसला बेसिस असतो एवढं सिद्ध करून बाजूला ठेवलेला. इथं हे सगळं येतं असंच धरून चालतात. गोडेलनं 1938 मध्ये दाखवलं की कंटिन्यूअम हायपोथिसिस (नैसर्गिक संख्या आणि रिअल संख्या यांच्या मधल्या आकाराचा संच नसतो, हे विधान) झेडएफसीतून, म्हणजे सेट थिअरीच्या नेहमीच्या गृहीतकांतून, खोटं ठरवता येत नाही. कोहेननं 1963 मध्ये दाखवलं की ते खरंही ठरवता येत नाही (झेडएफसी स्वतः विसंगत नसेल तर, हे दोन्हीकडे गृहीत). कोहेनची ती पद्धत म्हणजे फोर्सिंग, एका मॉडेलमध्ये (ती गृहीतकं पाळणाऱ्या संचांच्या विश्वात) नवा संच घालून मोठं मॉडेल बनवणं, आणि रोजचं काम तिथून सुरू होतं.

मला वाटायचं, मला ते येतं. पहिल्याच सेमिस्टरला सेमिनारमध्ये बोलायची पाळी आली. फळ्यावर लिहिलं: पी हा पोसेट (अंशतः क्रम लावलेला संच, त्यातले घटक म्हणजे कंडिशन्स), जी हा त्यावरचा जेनेरिक फिल्टर घेऊ. मागून शांतपणे प्रश्न आला, ‘कुठून?’ मी म्हटलं, घेऊ ना. पुन्हा तेच, ‘हो, पण कुठून?’ पुढची वीस मिनिटं मी खडू हातात धरून उभी होते.

उत्तर खरं तर सोपं आहे. मॉडेल एम गणनीय असेल तर त्यातल्या डेन्स सेट्सची (कुठलीही कंडिशन वाढवून ज्यात पोचता येतं असे संच) यादी करता येते. एक कंडिशन घ्यायची, ती वाढवून पहिल्या डेन्स सेटमध्ये न्यायची, ती आणखी वाढवून दुसऱ्यात, असं करत गेलं की प्रत्येक डेन्स सेटला भेटणारा जी तयार. पण ही यादी बाहेरून केलेली आहे, एमला ती दिसत नाही. आणि पोसेटमधल्या प्रत्येक कंडिशनला परस्परविरोधी दिशांनी वाढवता येत असेल, तर जी एममध्ये असूच शकत नाही. असता तर जीमध्ये नसलेल्या कंडिशन्सचा संचही एममध्ये असता, तो डेन्स निघाला असता आणि जीनं नेमका तोच चुकवला असता. एमच्या आतल्या माणसाकडे असतात ती नव्या संचांची फक्त नावं. मी प्रूफच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या, आपण कुठं उभं राहून बोलतोय हे मात्र कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून निघण्याआधी कुनेनचं सेट थिअरीचं पुस्तक पेन घेऊन वाच. येखचा ग्रंथ कोशासारखा वापरायचा, सलग वाचायला घेतलास तर तिसऱ्या आठवड्यात सोडशील. सीसीसी (काउंटेबल चेन कंडिशन: परस्परविरोधी कंडिशन्सचा संच गणनीयच असतो) फोर्सिंगनं कार्डिनल्स (संचांचे आकार) का कोसळत नाहीत हे पुस्तक मिटून एका पानात लिहिता आलं की अर्जाचं बघ. तिथं अडलास तर विचारायला माणसं भारतातही आहेत: कोलकात्याच्या आयएसआयमध्ये (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) डिस्क्रिप्टिव्ह सेट थिअरीची (रिअल संख्यांच्या, नीट वर्णन करता येणाऱ्या संचांचा अभ्यास) जुनी परंपरा आहे, आयआयटी कानपूरमध्येही सेट थिअरीवर काम चालतं.

आता गाव. गोडेल इथला म्हणून व्हिएन्ना, असं करू नकोस. तो 1940 मध्येच इथून गेला. इथं जोर आहे तो रिअल रेषेच्या सेट थिअरीवर. चिहोनच्या आकृतीतले (रिअल रेषेशी जोडलेल्या काही कार्डिनल्सचा आपसातला लहानमोठेपणा दाखवणारी आकृती) अनंत कार्डिनल्स जास्तीत जास्त किती वेगवेगळे असू शकतात, याचं उत्तर गोल्डश्टर्न, केल्नर आणि शेलाह यांनी 2019 मध्ये छापलं. त्यातले पहिले दोघे इथल्याच टेक्निकल युनिव्हर्सिटीचे. तुला असलं काम आवडत असेल तर ये. इनर मॉडेल्स (संचांच्या विश्वाच्या आतली छोटी मॉडेल्स) आवडत असतील तर जर्मनीतलं म्युन्स्टर बघ. अमेरिकेत पाच-सहा वर्षं लागतात, सुरुवातीला क्वालिफाइंग परीक्षा आणि जोडीला शिकवणं. पण पाया कच्चा असेल तर तेच बरं, तिथं पाया घालायला वेळ देतात. इथं पहिल्या वर्षातच सगळ्यांसमोर उभं राहून प्रबंधाचा आराखडा मांडावा लागतो.

पैशांचं म्हणशील तर प्री-डॉकची (पीएचडी करणाऱ्याला पगारी) जागा मिळाली तरच ये. ती नोकरीच असते: विद्यापीठात साधारण आठवड्याला 30 तासांचा करार, आरोग्य विमा त्यातच आणि पगार वर्षाला 14 वेळा. चौदा हे आईला दोनदा समजावून सांगावं लागेल. स्वखर्चानं येऊ नकोस.

राहायला आलास की तीन दिवसांत पत्त्याची नोंद करावी लागते, आणि त्या फॉर्मवर घर देणाऱ्याची सही लागते. माझ्या पहिल्या घरवाल्यानं पैसे घेतले आणि सही द्यायला नकार दिला. नोंद नाही म्हणून पुढची सगळी कामं अडली, दोन आठवडे बॅगा उचलून फिरले. तेव्हा सही देणार का, हे भाडं ठरवण्याआधी विचार.

राहिला आईचा प्रश्न. कायमच्या जागा फारच थोड्या. पीएचडीनंतर दोन-दोन, तीन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नोकऱ्या, म्हणजे पोस्टडॉक, दर वेळी नवा देश, नवी भाषा. लग्न, आईवडिलांची आजारपणं, सगळं त्यातच बसवायचं. माझ्या ओळखीतले काही जण सॉफ्टवेअरकडे वळले आणि मजेत आहेत. हे आईपासून लपवू नकोस.

प्राध्यापकांना मेल करशील तेव्हा लहानपणापासून अनंताचं आकर्षण वगैरे लिहू नकोस. दोन परिच्छेद आणि तू स्वतः लिहिलेलं ते सीसीसीचं पान, पुरे. ते आधी मला पाठव, पण पुढच्या आठवड्यात. सध्या टेबलावर विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचा ढीग आहे.